विराम वाढवायचा नसतो

प्रश्न : गच्चीवर शांत पडलं की श्वास सोडल्यावर दोन-तीन सेकंद पुढचा श्वास येतच नाही. ताई-चीच्या (संथ चिनी व्यायामाच्या) वर्गात सांगतात, हा यिनचा, म्हणजे विसाव्याचा क्षण आहे, तो वाढवा. वाढवायला गेलो की जीव कासावीस होतो. काय चुकतंय? – एक वाचक, यावल

उत्तर : विराम ठीक आहे, वाढवणं चुकतंय. श्वास घेताना श्वासपटल (छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा) आकसून खाली जातं, ती मेहनत. सोडताना फुप्फुसं आपल्याच लवचिकपणाने आक्रसतात आणि मग स्नायू क्षणभर मोकळे राहतात. तेव्हाही आत दोन-अडीच लिटर हवा असतेच. रक्तातला कार्बन डायऑक्साइड जरा वाढला की मेंदूकडून पुढच्या श्वासाचा हुकूम सुटतो. तो दाबून धरला तर श्वास हपापून येतो, खांदे वर चढतात. चिनी विचारात विसावा यिन, जोर यांग. दम धरणं हा जोरच, म्हणजे यिनच्या नादात तुम्ही यांग वाढवताय!

पाठीवर पडा, गुडघे उभे, डोक्याखाली गोधडीची घडी, एक हात बेंबीवर. नाकाने ३ आकडे श्वास घ्या, ४-५ आकडे सोडा. विराम मात्र मोजू नका. हाताखालचं पोट आपणहून उठेपर्यंत थांबा. पुढचा श्वास आवाज करत आला तर सोडणं एक आकड्याने कमी करा. बोटांना मुंग्या आल्या किंवा गरगरलं तर श्वास जास्त घेतला जातोय, थांबा. ५-७ मिनिटं पुरे, तीही भरीत-भाकरी जेवल्यावर दोन-तीन तासांनी. रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर श्वास रोखूच नये.

प्रश्न : मे महिन्यात सूर्यभेदन करावं का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : सूर्यभेदन म्हणजे उजव्या नाकपुडीने श्वास घेण्याचा प्राणायाम, हठयोगात तो उष्ण मानतात. पारा ४४-४५ वर असताना शीतली (गुंडाळलेल्या जिभेतून श्वास ओढायचा प्राणायाम) बरी, पण तिचा गारवा तोंडापुरताच. अंगातली उष्णता घामावाटे जाते, म्हणून पाणी प्या. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगजवळ राहत असाल तर शीतली घरातच करा. तोंडाने घेतलेल्या हवेतली धूळ नाकात गाळली जात नाही.

प्रश्न : यजमानांचा श्वास घोरता घोरता थांबतो. हाच तो विराम का? – एक वाचक, चोपडा

उत्तर : नाही ताई. झोपेत घसा मिटून १० सेकंद किंवा जास्त वेळ श्वास अडतो आणि माणूस दचकून श्वास ओढतो, ही स्लीप ॲप्नियाची खूण असू शकते. मोबाइलवर चित्रण करून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. दिवसा गाडी चालवताना त्यांना डुलकी येत असेल तर तेही सांगा.