रात्री साडेअकरा, पवनचक्की आणि अंगातून निघणाऱ्या वाफा

प्रश्न: ताई, मी ४७ ची, लेक चौथीत. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झाली, त्यामुळे तिच्या वर्गातल्या आयांमध्ये मीच सगळ्यात मोठी. गेलं वर्षभर पाळीचा काही नेम नाही, दोन-दोन महिने येतच नाही आणि आली की आठ-नऊ दिवस हटत नाही. रात्री दोन-अडीचला मान, पाठ घामाने चिंब होऊन जाग येते, गाऊन बदलते, पंखा पाचवर करते, मग झोप गेली ती गेलीच, आणि सहाला डबा. मागच्या आठवड्यात रात्री साडेनऊला लेक म्हणाली की उद्या पवनचक्कीचं मॉडेल न्यायचंय. बुटाच्या खोक्यावर आणि आइस्क्रीमच्या काड्यांवर सुरू केलं, साडेअकरा वाजले तरी पाती काही टिकेनात, त्यात अंगातून वाफ निघायला लागली आणि ती म्हणाली, “बाकीच्यांचं किती छान असतं.” मी सगळं उचलून भिंतीवर आपटलं. ती रडलीसुद्धा नाही, गप्प खाली बसून काड्या गोळा करत राहिली. ते डोळ्यांसमोरून जातच नाही. मी अशी नव्हते हो. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी नव्हतं असलं काही. मला वेड लागतंय का?

उत्तर: नाही, अजिबात नाही. पत्र वाचलं आणि आधी तुमच्या शेजारी येऊन बसावंसं वाटलं.

तुम्ही लिहिलंय ते पाळी जायच्या आधीच्या काळाचं अगदी ओळखीचं चित्र आहे. सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला म्हणतात, पण इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हार्मोन त्याच्या काही वर्षं आधीपासूनच वर-खाली व्हायला लागतं. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी जी जागा असते ती त्यामुळे फार हळवी होते, जराशा फरकानेही तिला वाटतं अंग तापलंय आणि ती घाम फोडते. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते, म्हणजे तुमचं वेळेतच चाललंय. आणि महिनोन्महिने झोप मोडलेल्या बाईचा रात्री साडेअकराला ताबा सुटला तर तो तिचा स्वभाव नाही, शरीर थकलंय.

सासूबाईंशी वाद नको. त्यांच्याही वेळी हे होतंच, फक्त पाळी जायच्या वयात त्यांची मुलं कॉलेजात, लग्नाला आलेली असायची, दुसऱ्या दिवशीचं मॉडेल कोणी मागत नव्हतं. दुपारी दोघीच असाल तेव्हा विचारा, “आई, तुम्हाला त्या वयात रात्री झोप लागायची का?” बऱ्याच जणींना हे आयुष्यात कोणी विचारलेलंच नसतं.

लेकीशी मात्र आजच बोला. रडून, स्वतःला बोल लावून नको, मुलं त्याने जास्त घाबरतात. सरळ सांगा की मी आपटलं ते चुकलं, माझी पाळी बंद व्हायच्या बेतात आहे, रात्री झोप होत नाही म्हणून राग लवकर येतो, त्यात तुझं काही चुकलेलं नाही. तिला स्वतःला काही वर्षांत पाळी येईल, तेव्हा या घरात हे बोलता येतं एवढं तिला माहीत असेल.

आता मॉडेल. ते तुम्ही करायचंच नाही, हे मी अगदी ठाम सांगते. कार्यानुभव मुलांच्या हातांसाठी आहे. वाकडं होऊ दे, फेविकॉलचे डाग दिसू देत. पात्यांसाठी टाचणी घेतलीत तर पातं आणि काडी यांच्यामध्ये एक मणी घालायला सांगा, पाती फिरतात आणि अडकत नाहीत, चौथीतल्या मुलीला हे सहज जमतं. एका खोक्यात पुठ्ठे, काड्या, लोकर, औषधांची रिकामी पाकिटं साठवून ठेवा. शाळेचे मेसेज येतात त्या ग्रुपवर मुलीच्या बाबांचा नंबर आहे का? नसेल तर तो टाकायला सांगा, सामान आणणं त्यांच्याकडे. बाईंनाही भेटा, एकट्या नको, अजून दोन-तीन आयांना घेऊन. केंद्राच्या २०२० च्या स्कूल बॅग पॉलिसीत तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास गृहपाठ म्हटलंय, एका रात्रीत मॉडेल त्यात कसं बसणार, तेव्हा आठवडाभर आधी सांगत जा एवढंच मागायचं.

आणि डॉक्टर. आठ-नऊ दिवस रक्त जातंय ते “वयाचं आहे” म्हणून सोडू नका. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, थायरॉइड बिघडलं तरी घाम, धडधड, चिडचिड हेच होतं. सोनोग्राफी लागेल का ते डॉक्टर ठरवतील. या त्रासावर देतात त्या हार्मोनच्या गोळ्यांना बायका फार घाबरतात. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर ती भीती पसरली, पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. ६० च्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षं व्हायच्या आत, तब्येत बरी असलेल्या आणि खूप त्रास होणाऱ्या बाईला बहुतेक वेळा त्याचा फायदाच जास्त होतो. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, लिव्हरचा आजार असं काही झालं असेल तर मात्र नाही, आणि मेडिकलमधून आपल्या मनाने तर कधीच नाही. हार्मोनशिवायचीही औषधं आहेत. पाळी पुढे-मागे होतेय तोवर दिवस राहू शकतात, तेही विचारून घ्या. संध्याकाळनंतरचा चहा बंद करून बघा, काही जणींची रात्र त्याने सुधारते. सलग दोन आठवडे सगळं नकोसं वाटलं तर तेही डॉक्टरांना सांगा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आजपासून खुणा करा. रक्त गेलं तो दिवस लाल, घामाने जाग आली ती रात्र निळी. ते पान डॉक्टरांना दाखवा, पण महिना भरायची वाट बघू नका, अपॉइंटमेंट याच आठवड्यात घ्या.