जुनी बोर्दो उघडताना
१९९६ ची पॉइयाक (फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या पॉइयाक गावची रेड वाइन) हाती आलीच आहे, तर घाई नको. बाटली आदल्या दिवशीच उभी ठेवा, गाळ तळाशी बसेल. बूच ठिसूळ झालेलं असतं, हळू काढा. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. कडेला विटकरी छटा असणारच, पण मधला भागही तपकिरी पडला असेल तर वाइन उतरणीला लागली समजा. वासात देवदार, तंबाखू, चामडं येईल. त्यामागे ब्लॅककरंट या काळ्या बेरीसारखा फळाचा स्वाद अजून जाणवतोय का, माझ्या मते खरी परीक्षा तीच. फळाचा स्वाद भरपूर आणि टॅनिन (वाइनला तुरटपणा देणारा घटक) अजून हिरड्यांना धरत असेल, तर उरलेल्या बाटल्या खुशाल ठेवा. नुसता आंबट-तुरटपणा उरला असेल, तर लवकर संपवा. आणि डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यात, तासन्‌तास ठेवू नका. एवढ्या जुन्या वाइनचा सुगंध पटकन उडतो.