पहिल्यांदा रेसला जाताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा जिन्यात थांबवून लॅपटॉप दाखवलास, ते डोक्यातून जात नाही. सीझनचे सगळे निकाल, घोड्यावर टाकलेलं वजन, अंतर, वेळ, जॉकी, ट्रेनर, सगळं रकान्यांत, वर तीन रंग. आणि मग म्हणालास, "काका, आता फक्त पैज जिंकायची सिस्टिम सांगा." जिन्यात काय सांगणार? त्यात काकू दारात उभी. म्हणून हे पत्र.

सिस्टिम नाही. असती तर मी बँकेत अठ्ठावीस वर्षं नोटा मोजल्या नसत्या. पण रविवारी तू जाणारच आहेस, आणि जाऊ नकोस म्हणायचं तोंड मला नाही. तेव्हा कसं जायचं, एवढंच सांगतो.

रविवारच्या आधी एकदा पहाटे जा. एम्प्रेस गार्डनच्या बाजूनं रेसकोर्सवर सहाच्या सुमाराला पोचलास की घोडे सरावाला निघालेले दिसतात. पावसाळ्यात मुंबईत महालक्ष्मीला ट्रॅक टिकत नाही, म्हणून जुलै ते ऑक्टोबर घोडे, ट्रेनर, जॉकी, सगळं बिऱ्हाड घाट चढून आपल्याकडे पुण्याला येतं आणि दिवाळीच्या आगेमागे परत उतरतं. हा कोर्स १८३० सालचा. जमीन लष्कराची, रेस भरवतो रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब. पहाटे तिथं पैशाचा वास नसतो. ओल्या गवताचा आणि लिदीचा असतो. धुक्यातून आधी टापा ऐकू येतात, मग नाकपुड्यांचा फुरफुर आवाज, आणि घोडा सगळ्यात शेवटी दिसतो. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर, त्याचे घोटे तुझ्या मनगटाहून फार जाड नाहीत. हे एकदा जवळून पाहिलंस की तुझ्या तक्त्यातला 'चौथा' हा आकडा तुला वेगळा दिसेल. पाय दुखत असेल, रात्री नीट खाल्लं नसेल, शेजारच्या गाळ्यातला सोबती हलवला असेल. त्याचे रकाने कुठून आणणार?

आता रविवार. रेसबुक, म्हणजे त्या दिवसाच्या रेसची छापील पुस्तिका, घे आणि थेट पॅडॉकच्या, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात त्या जागेच्या, कठड्याला जाऊन उभा राहा. लोक भाव बघायला रिंगकडे, म्हणजे पैजा घेणारे बुकी उभे असतात तिकडे, धावतात, तू धावू नकोस. मोतद्दार, तिथं त्याला सईस म्हणतात, घोड्याला गोल फिरवत असतो. चाल बघ. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या पुढं पडतोय का? कान कुठं आहेत? पुढं उभे असतील तर त्याचं लक्ष आहे, मागं चिकटले असतील तर तो वैतागलाय. घाम बघ. पाऊस असेल तर अंग ओलं दिसणारच, पण पाणी नुसतं ओघळतं, घामाचा साबणासारखा पांढरा फेस येतो. घोड्याच्या घामात लॅदरिन नावाचं प्रथिन असतं, त्याचा हा फेस. लगामाखाली थोडा असेल तर चालेल, पण मागच्या मांड्यांमध्ये फेस साचलाय आणि रेसला अजून वीस मिनिटं आहेत, तर त्या घोड्यानं आपली रेस पॅडॉकमध्येच पळून संपवली असं समज. हे सगळं चारदा चुकेल. मला अजून चुकतं. पण बघताना मजा येते, आणि त्या मजेला पैजेचं तिकीट लागत नाही.

तुझ्या तक्त्यात वजनाचा रकाना मला आवडला, पण तू तो उलटा वाचतोयस. साठ किलो घेऊन पळणारा घोडा 'दबलेला' नसतो, तो चांगला म्हणूनच त्याच्यावर साठ टाकलेत. हँडिकॅप रेसमध्ये एक माणूस पगार घेऊन हेच काम करतो: चांगल्याला जड करायचं, साध्याला हलकं, म्हणजे सगळे एका ओळीत खांबापाशी यावेत. तू जे गणित मांडतोयस ते निकामी करणं ही त्याची नोकरी आहे. बरं, तो हे काम तुझ्याहून बराच काळ करतोय.

सुप्रीम कोर्टाचा १९९६चा निकालही दाखवलास, रेस हा कौशल्याचा खेळ आहे म्हणून. खरं आहे. कोर्टानं खेळात कौशल्य आहे असं म्हटलंय, तुझ्यात आहे असं नव्हे.

पैशांचं बोलू. २२ सप्टेंबर २०२५पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर ४० टक्के जीएसटी आहे, त्याआधी २८ होता. शंभराच्या पैजेवर चाळीस रुपये कर. म्हणजे ज्या फेवरेटचा, सगळ्यांच्या आवडत्या घोड्याचा, भाव शंभराला चाळीस आहे, म्हणजे शंभरावर चाळीस नफा, तो जिंकला तरी तू होतास तिथंच, आणि हरला तर एकशेचाळीस गेले. दहा हजारांहून जास्त जिंकलास तर ३० टक्के टीडीएस आधीच कापून हातात येतात. हे तुझ्या तक्त्यात कुठंच नाही, आधी ते घाल. आणि 'तनाला' नावाच्या पैजेच्या नादी पहिल्या दिवशी लागू नकोस. पहिले तीन घोडे अचूक क्रमानं सांगायचे: दहा घोडे असले तर ७२० क्रम होतात. जॅकपॉटला पाच रेसचे पाच विजेते, दर रेसला दहा घोडे धरले तर एक लाख जोड्या. तू इंजिनिअर, तुला हे मी सांगायला नको, पण रिंगमध्ये उभं राहिल्यावर इंजिनिअर आणि रिक्षावाला यांचं गणित सारखंच होतं. विन किंवा प्लेस लाव. विनला घोडा पहिलाच यावा लागतो. प्लेसला घोडा पहिल्या दोन-तिनांत आला तरी पैसे मिळतात. थोडे मिळतात, पण मिळतात.

दिवसाला आठ-नऊ रेस असतात. त्यांतल्या दोन खेळ, फार तर तीन. बाकीच्या नुसत्या बघ. हे पत्र त्यासाठीच लिहितोय, म्हणून जरा नीट वाच. दोन रेसच्या मध्ये अर्धा तास असतो आणि तो अर्धा तास माणसाला खातो. बसलेलं बघवत नाही. हात शिवशिवतात. स्क्रीनवर दुसऱ्या गावच्या रेसही दाखवतात, त्यांवरही खेळता येतं. न पाहिलेला घोडा, न पाहिलेला ट्रॅक, आणि तू उठून पैज लावायच्या खिडकीकडे निघालास की समज, तू आता रेस खेळत नाहीस, वेळ घालवतोयस. चहा घे. माणसं बघ. टर्फ क्लबातल्या टोप्यांइतकेच इराणी हॉटेलातले म्हातारे आणि भाजीबाजारातले अडते तिथं बघण्यासारखे असतात. टीप तर न मागता मिळेल. एकदा मला एकाच रेससाठी पाच जणांनी पाच वेगळ्या घोड्यांची 'आतली बातमी' दिली. रेसमध्ये घोडे सात होते.

माझं सांगतो. १९८७. पावसाळा, पगाराचा पहिला रविवार. खिशात सहाशे, त्यातले चारशे घरभाडं आणि दूधवाल्याचे. पहिलीच रेस लागली. हेच वाईट झालं. माणूस हरून सावध होतो, जिंकून शहाणा समजतो स्वतःला. चौथ्या रेसपर्यंत जिंकलेले गेले, सहाव्यापर्यंत माझे, आणि शेवटच्या रेसला दूधवाल्याचे. शेवटची रेस जगात सगळ्यात वाईट कारणानं खेळली जाते: सगळ्यांना 'वसूल' करायचं असतं. मी लावलेला घोडा तिसरा आला, मी विन लावला होता. बसचे पैसेसुद्धा उरले नाहीत. पूलगेटवरून नाना पेठेपर्यंत पावसात चालत गेलो, रेसबुक डोक्यावर धरून. घरी आलो तेव्हा ते शर्टाच्या खिशात कोंबलं होतं. काकूनं दार उघडलं, एकदा खिशाकडे पाहिलं, टॉवेल दिला, काही विचारलं नाही. त्या शाईचा डाग तिनं तीनदा धुतला, गेला नाही. त्या शर्टाची पुढं फरशी पुसायची फडकी झाली. एक परवापर्यंत होतं.

म्हणून एटीएम कार्ड घरी ठेव. फोनवरचं पैशांचं ॲपही बंद करून ये. घरून निघताना जेवढे पैसे पाकिटात, तेवढा तो दिवस. तुझ्या ऑफिसातला तो मित्र फोनवर भाव देतो, आठवड्यानं हिशेब करतो म्हणालास, त्याच्याकडे एक रुपया लावू नकोस. ते बेकायदा आहे ही एक गोष्ट. दुसरी म्हणजे उधारीत हरलेला पैसा हरल्यासारखा वाटतच नाही, शुक्रवारपर्यंत.

जाता जाता एक. घोडे पाळणाऱ्यांचंही बघ. आपल्या इथल्या पूनावाला कुटुंबाचा स्टड फार्म, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीची जागा, तिथले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला जायचे, त्यांच्या रक्तापासून सीरम बनायचं. त्यातूनच १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. घोड्यांवर पैसा लावून पुण्यात मोठं झालेलं घर मला हे एक ठाऊक आहे, आणि त्यांनी तो खिडकीवर लावला नव्हता.

सेंट लेजर नावाची मोठी रेस सप्टेंबरात, २८०० मीटर. ती मात्र सोडू नकोस, म्हणजे बघायची सोडू नकोस. एवढ्या लांब पल्ल्यावर शेवटच्या वळणाला घोडे दमलेले असतात, आणि कठड्यापाशी उभं राहिलं की जॉकी त्यांच्याशी बोलताना ऐकू येतात. कुणी शिव्या देतो, कुणी चुचकारतो.

रविवारी साडेबाराला खाली ये, स्कूटर मी काढतो. काकूला सांगितलंय की तुला एम्प्रेस गार्डन दाखवायला नेतोय. तिला कळलंय. छत्री तुझी आण, दुर्बीण माझ्याकडे आहे.

तुझा,
खालच्या मजल्यावरचा काका