शार्कचे कमी बजेटवाले सिनेमे: सुरुवात कुठून करायची

अरे वा, ये ये! सगळे पहिली चूक हीच करतात, थेट २०१३ चा 'शार्कनेडो', म्हणजे वादळातून शार्क उडत येतात तो अचाट सिनेमा, एकट्याने मोबाईलवर लावतात आणि वीस मिनिटांत बंद करतात. तू आधी २००३ चा 'ओपन वॉटर' बघ, पैसा अगदी कमी पण शार्क खरे, डायव्हिंगच्या बोटीवर माणसं मोजायला चुकतात आणि एक जोडपं भर समुद्रात मागे राहतं, बस एवढंच, तरी मी खुर्चीत पाय वर घेऊन बसलो होतो.

मग हे दोन लक्षात ठेव:
- 'शार्कनेडो' चार जण जमवूनच, ओरडत, टाळ्या पिटत बघायचा
- शार्क खोटा दिसतो म्हणून अडू नकोस, तो यायच्या आधीचं पाणी बघ, खरी भीती तिथेच असते