पोस्टिंग कळवणला, रूम पंचवटीत

प्रश्न : ताई, मी नाशिकला बीएस्सी नर्सिंगला आहे, पुढच्या महिन्यापासून दोन महिने कळवणला पोस्टिंग लागलंय. पंचवटीतल्या रूमचं भाडं चालूच राहणार, मग तिकडे परत वेगळी रूम घ्यायची का रोज एसटीने जाऊ?

उत्तर : रोज अपडाऊनचा विचार सोड गं, एका बाजूचंच सत्तरऐंशी किलोमीटर होतं आणि नाईट ड्युटी लागली तर पहाटे कुठली एसटी शोधणार! आधी कॉलेजमधल्या क्लिनिकल मॅडमना विचार की तिथे हॉस्टेल किंवा क्वार्टरमधे सोय आहे का, आणि जे काही सांगतील ते लेखी घे. नसेल तर बॅचच्या तिघीचौघी मिळून एक रूम बघा, तिथल्या सिस्टरना विचारलंत तर ब्रोकरशिवाय मिळून जाते, तालुक्याच्या गावात हे असंच चालतं. पंचवटीची रूम मात्र सोडू नकोस, नाहीतर परत आल्यावर नवीन डिपॉझिट आणि तीच वणवण. मालकांना विचारून दोन महिन्यांसाठी कोणी मैत्रीण ठेवता येते का बघ, पण गुपचूप नको, करारात बहुतेक पोटभाडेकरूला मनाई असते. आणि हो, कळवणलाही करार लेखीच कर, महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी करायची असते, मालक कितीही म्हणू दे की दोनच महिने तर आहेत.