अपघातात मुलगा गेलेल्या घरी बातमीसाठी जावं का? गेलं तर विचारायचं काय?

जा. पण ‘तुम्हाला आत्ता काय वाटतंय’ हे विचारायला जाऊ नका.

तुम्ही लिहिलंय की नोकरीला लागून दोनच महिने झालेत आणि उद्या सिन्नरजवळच्या एका घरून ‘आईची प्रतिक्रिया’ आणायला सांगितलंय. मी नाशिक जिल्ह्यात चोवीस वर्षं बातमीदारी केली, त्यातली निम्मी क्राइम बीटवर. सिव्हिलच्या शवागाराबाहेर पुष्कळ वेळा उभी राहिले आहे. त्यातूनच हे सांगते.

दुःखातल्या माणसांच्या वाटेला जाऊ नये, असं बरेच जण म्हणतील. मला ते पूर्ण पटत नाही. २१ एप्रिल २०२१ ला महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब घसरला आणि त्याच दिवशी २२ रुग्ण गेले. वॉर्डात काय घडलं, हे आत असलेल्या नातेवाइकांशिवाय कोण सांगणार होतं? ते रडत होते आणि रडता रडता सांगतही होते. अशा माणसाच्या तोंडासमोर माईक धरून नुसते हुंदके टिपले, तर आपण साक्षीदार गमावतो. आणि त्याला सांगायचं असतं ते तसंच राहतं.

घरी गेल्यावर थेट आईपाशी जाऊ नका. अशा घरात एखादा मामा किंवा चुलता आल्यागेल्याचं बघत असतो. त्याला आधी भेटा. कुठल्या पेपरचे, कशासाठी आलात, छापलेलं मोबाईलवरही येणार आणि ते नंतर पुसता येत नाही, हे सगळं सांगा. ‘नको’ म्हणाले तर फोन नंबर ठेवा आणि निघा. आत बोलावलं तर मोबाईल खिशात ठेवून खाली सतरंजीवर बसा. थोडा वेळ काहीच बोलू नका. मग एवढंच म्हणा, “त्याच्याबद्दल सांगाल का?” या प्रश्नाला आई कधी पोराच्या गाडीच्या वेडाबद्दल बोलते, कधी त्याने आणलेल्या पहिल्या पगाराबद्दल. ती थांबली की तुम्हीही थांबा. तिने काल एक वेळ सांगितली आणि आज दुसरी, तर तिला खोडू नका. एवढा धक्का बसलेल्या माणसाला क्रम लागत नाही. वेळ, ठिकाण, वाहन हे पंचनाम्यातून आणि पोलिसांकडून घ्या.

आणि मृत्यूची बातमी तुमच्या तोंडून घरी पोचता कामा नये. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. तेव्हा मोबाईल मोजक्या लोकांकडे होते. आता यादीतलं नाव काही मिनिटांत गावाच्या ग्रुपवर जातं. २०२७ च्या सिंहस्थात तुम्ही बहुधा गोदाघाटावर ड्यूटीला असाल, म्हणून आत्ताच सांगते: घरच्यांना कळल्याची खात्री झाल्याशिवाय नाव पाठवायचं नाही, मग डेस्कवरून कितीही फोन येवोत.

लिहिताना ‘काळाचा घाला’, ‘काळीज चिरणारा टाहो’, ‘परिसरात हळहळ’ हे शब्द आपोआप हाताखाली येतात. मीही वर्षानुवर्षं वापरले. ते कुठल्याही मुलाला लागू पडतात, म्हणून या मुलाबद्दल काहीच सांगत नाहीत. तो सकाळी डबा विसरून गेला होता, हे एक वाक्य पुरतं.

आपल्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्येच्या बातम्याही तुमच्याकडे येतीलच. तिथे हात आणखी आखडता ठेवा. प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांच्या आधारे नियम स्वीकारले आहेत: पद्धत वर्णन करू नये, मथळ्यात भडकपणा नको. चिठ्ठीही छापू नका आणि मदतीचा नंबर द्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पाठ असू द्या. रात्री झोप उडाली तर तो तुमच्यासाठीही आहे. ‘कर्जाला कंटाळून’ असं एका ओळीत कारण उरकू नका. गारपिटीत बाग गेलेले सगळेच जण जीव देत नाहीत. आणि अत्याचाराची बातमी असेल तर पीडितेची ओळख पटेल असं काहीही, गावाचं नावसुद्धा, छापायचं नाही. तिथे कायदाच आड येतो.

आता माझी चूक सांगते. रोलच्या कॅमेऱ्याचे दिवस होते. निफाड तालुक्यातल्या एका घरून मी गेलेल्या मुलाचा एकमेव मोठा फोटो ‘उद्या आणून देते’ म्हणून आणला. छापून झाला आणि ऑफिसात कुठेतरी हरवला. मी लाजेने तिकडे फिरकलेच नाही. तीन महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी त्या गावात गेले, तर त्याची आई रस्त्यातच भेटली. रागावली नाही. “ताई, फोटो सापडला का?” एवढंच विचारलं. पुढे शाळेच्या ग्रुप फोटोतून त्याचा चेहरा नाशिकच्या एका स्टुडिओत मोठा करून घेतला आणि नेऊन दिला. चेहरा धूसर आला होता. तिने तो पदराने पुसला, स्पष्ट दिसेल म्हणून.

तेव्हा उद्या फोटो घरातच मोबाईलवर टिपा, भिंतीवरून उतरवायला लावू नका. नाव कसं लिहितात ते वहीत त्यांच्याच हातून लिहून घ्या. आणि दहावा झाल्यावर, बातमी नसतानाही, एकदा परत जा.