कोल्हापूरहून मालवणला जातोय. किल्ला बघून झालाय, स्कूबात रस नाही. नुसतं बंदर बघायला जाण्यात अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात दोन दिवस आहेत, सोबत आई आणि नववीतला मुलगा. अर्थ आहे, पण वेळ साधावी लागते. दुपारी बाराला धक्क्यावर गेलात तर किल्ल्याच्या बोटींची रांग, शहाळी आणि सेल्फी काढणारी माणसं दिसतील, आणि तुम्ही मलाच शिव्या घालाल.

मी शिवाजी पेठेतला. सासुरवाडी मालवणची, दांडीच्या बाजूला. अठरा वर्षं येणं-जाणं आहे. पहिली चार-पाच वर्षं मीसुद्धा किल्ला, तारकर्ली, सोलकढी करून परत येत होतो. बंदर हे माणसांच्या रोजच्या कामाचं ठिकाण आहे हे डोक्यात शिरायला वेळ लागला.

पहिल्या दिवशी संध्याकाळी जा. चारच्या पुढे बोटी लागायला सुरुवात होते. मासळी उतरते, वाळूवर ढीग पडतात आणि लिलाव सुरू होतो. आपल्या मार्केट यार्डातले गुळाचे सौदे बघितले असतील तर चाल ओळखीची वाटेल. फरक एवढाच की गूळ दोन दिवस थांबतो, बांगडा दोन तासही थांबत नाही. त्यामुळे एक ढीग अर्ध्या-पाऊण मिनिटात तुटतो. माईक नाही, फलक नाही, कोण बोली लावतंय तेसुद्धा आधी कळत नाही. मुलाला सांगा, ओरडणाऱ्याकडे बघू नकोस, घेणाऱ्या बायकांकडे बघ. मागच्या खेपेला एका मावशींनी सुरमईचा गलफडा बोटानं उचलला, आत डोकावल्या आणि एक शब्द न बोलता पुढच्या ढिगाकडे गेल्या. त्या ढिगाचा भाव तिथंच बसला. बाकीच्यांनी तर मासळीकडे बघितलंसुद्धा नाही, मावशींच्या तोंडाकडेच बघत होते.

एक सांगतो, हसू नका. धक्क्यावर कोल्हापुरी चप्पल घालून जाऊ नका. मी लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा ऐटीत नवी करकरती जोडी घालून गेलो. बर्फाचं आणि मासळीचं पाणी कातड्यात मुरलं, वर खारा वारा. ती जोडी परत घरात घ्यायला आईनं नकार दिला. रबरी चप्पल घाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठायची तयारी असेल तर दांडीच्या किनाऱ्यावर रापण बघायला मिळू शकते. होडीतून जाळं अर्धगोल सोडत नेतात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर ठेवतात आणि दोन्ही टोकांना माणसं ओढायला लागतात. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत येतात आणि शेवटी जाळ्याची पिशवी वाळूवर येते. बघताना सोपं वाटतं. पहिल्यांदा रापण बघायला गेलो तेव्हा मी फोटो काढण्याच्या नादात पडलेल्या दोरावर पाय दिला. पलीकडून एक म्हातारा गरजला, "दोरार पाय देव नको!" देवाच्या वस्तूला पाय लागल्यासारखा आवाज होता तो. शरमेनं मोबाईल खिशात घातला आणि दोराला हात लावला. दहा मिनिटांत तळवे सोलवटले. ओला दोर, त्यात वाळू. पिशवी आली तेव्हा निम्म्याहून जास्त बारीकसारीक मासळी, थोडे बांगडे, थोडे पेडवे. मिळेल ते वाट्यानं वाटून घ्यायचं ही इथली रीत. निघताना त्याच म्हाताऱ्यानं मला तीन बांगडे दिले. मी नको म्हणालो तर पुन्हा ओरडला.

रापण रोज लागेलच असं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. जाळं ओढत नेणारे यांत्रिक ट्रॉलर आले, मग अख्ख्या थव्याला वेढा घालणारी पर्ससीन जाळी आली, आणि किनाऱ्याजवळची मासळी कमी झाली. पर्ससीनवर सरकारनं २०१६ मध्ये निर्बंध आणले, पण पारंपरिक मच्छीमारांची तक्रार काही संपलेली नाही. चहाच्या टपरीवर हा विषय निघाला तर ऐका. आपण मत देऊ नये, आपलं तिथं काय बुडतंय?

आता इतिहास. तुम्हाला किल्ला नको आहे, पण बंदराचा आणि आपल्या गावाचा संबंध माहीत असू द्या. १७३१ च्या वारणेच्या तहानंतर सातारा आणि करवीर अशी दोन राज्यं पक्की झाली. सिंधुदुर्ग आणि मालवण आपल्या करवीरच्या छत्रपतींकडे होतं. म्हणजे रंकाळ्याला समुद्र म्हणणाऱ्या कोल्हापूरला एके काळी खराखुरा समुद्र होता, आणि त्याचं दार हे बंदर. इथून सुटणाऱ्या आरमारानं इंग्रजांच्या गलबतांना इतका त्रास दिला की त्यांच्या कागदांत मालवणची ओळख चाच्यांचं ठाणं अशीच आहे. १७६५ मध्ये त्यांनी सिंधुदुर्ग घेतला, फोर्ट ऑगस्टस असं नावही देऊन टाकलं, मग पैसे घेऊन परत केला. १८१२ च्या तहात मात्र मालवण कायमचं आपल्या हातून गेलं. हे सगळं मला शाळेत कुणी शिकवलं नाही. सासऱ्यांनी सांगितलं, तेही "तुमचा बंदर तुमका सांभाळूक जमला नाय" अशा टोमण्यात.

किनाऱ्यावरच मोरयाचा धोंडा आहे, तो चुकवू नका. किल्ल्याच्या बोटीला गर्दी आणि इथं बहुतेक वेळा शुकशुकाट. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य, शिवलिंग कोरलेलं आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी इथं पूजा करून सिंधुदुर्गाच्या कामाला हात घातला. तिथं उभं राहून समोर बघितलं की ही जागा का निवडली ते मुलाला न सांगता कळेल. पाण्यात जागोजागी काळे खडक डोकं काढून आहेत. वाट माहीत नसलेलं जहाज इथं फुटणारच. आजही बोटवाले सरळ रेषेत जात नाहीत, वळसे घेत जातात.

तिथून पद्मगड दिसतो, सिंधुदुर्गाजवळचा छोटा किल्ला. ओहोटीला चालत जाता येतं, पण स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाय टाकू नका. भरती मागून भरते. निघण्याआधी तिथी बघा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाणी खूप आत जातं आणि तेवढंच बाहेरही येतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फार हलत नाही. आईंना पद्मगडाच्या भानगडीत पाडू नका. त्यांना सकाळी मासळी बाजारात न्या, तिथं त्या तुमच्यापेक्षा जास्त रमतील.

डिसेंबर निवडलात ते उत्तम. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. एकदा ऐन जुलैत एका हॉटेलात आम्हाला "आजची ताजी सुरमई" म्हणून ताट लावलं, बिलही ताज्याचं. घरी येऊन कौतुक केलं तर सासरे म्हणाले, "बोटी बंद, मगे ही सुरमय काय चलत इली?" पुन्हा कधी जमलं तर नारळी पौर्णिमेला जा. धक्क्यावर अख्खं गाव लोटतं, समुद्राला नारळ देतात आणि मग बाजूला नारळ लढवायचा खेळ रंगतो. आपल्याकडच्या कुस्तीच्या मैदानाइतकी ईर्षा असते, खोटं नाही.

रस्त्याचं थोडक्यात. राधानगरीवरून फोंडा घाट किंवा गगनबावड्यावरून करूळ घाट, पुढे कणकवली, कसाल, मालवण. दीडशे किलोमीटरच्या आसपास, घाट धरून चार तास लागतातच. कुठला घाट सुरू आहे ते निघण्याआधी विचारून घ्या, कामं निघतात.

परत येताना मासळी आणणार असाल तर थर्मोकोलचा डबा घ्या, खाली वर बर्फ आणि झाकणाला चिकटपट्टी पूर्ण गोल फिरवून. मी एकदा पट्टी वाचवली. राधानगरीच्या अलीकडे एसटीत पाण्याचा ओघळ पुढच्या सीटखाली गेला, आणि तिथं एक माळकरी आजोबा बसले होते. उरलेला प्रवास मी डबा मांडीवर घेऊन केला.